आपटा ते रोहा : भरतीच्या टोकावरची गावे



आपटा म्हटले की आपल्याला दसऱ्याचे सोने आठवते. पण आपटा नावाचे एक गावही आहे. पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या नजरेत वसलेले. या गावाला एक छोटेसे रेल्वे स्थानक आहे. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यात शेवटी सुटलेल्या गाडीमागे धावत जाऊन मुलगी गाडीत चढते, तो प्रसंग याच स्थानकावर घेतलेला आहे. पडद्यावर मात्र हे स्थानक पंजाबातले म्हणून दाखवले. तेव्हापासून हौशी मंडळी आपट्याला येतात, फलाटावर उभे राहून फोटो काढतात आणि परत जातात.

आज आम्ही सांगणार आहो ते असे, की या फलाटावरून दोघांनी खरीच गाडी पकडावी आणि एक दिवस हिंडून यावे. फार लांब नाही. आपट्याहून पेण, नागोठणे आणि रोहा, एवढेच. पण डोळे उघडे ठेवून गेलात तर हा एक दिवस चारशे वर्षांचा इतिहास दाखवतो.

दोघांनी म्हणजे कोणी? तर नवराबायकोने. हे मुद्दाम सांगतो. आपल्या खेड्यांतली बाई गाडीत बसते ती माहेरी जायला, दवाखान्यात जायला, नाहीतर लग्नकार्याला. नुसते गाव पाहायला म्हणून ती निघाली, असे सहसा होत नाही. "अहो, तिथे आपले कोण आहे?" असे ती विचारते. कोणी नसले तरी जावे. आपले कोणी नसलेल्या गावातही आपला इतिहास असतो.

परदेशात ही चाल जुनी आहे. इटली देशाचेच उदाहरण घ्या. तिथे फ्लॉरेन्स आणि पिसा ही दोन जुनी शहरे आहेत. दोहोंमध्ये रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर अंतर. म्हणजे पनवेल ते रोहा जेवढे, जवळजवळ तेवढेच. जोडपी सकाळी एका शहरातून निघतात, दुसरे पाहतात आणि दिवेलागणीला परत येतात. पिसाचा कलता मनोरा तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिला असेल. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले. तो कलला कशाने? तर खालची जमीन भुसभुशीत, गाळाची. पिसा हे एके काळी मोठे बंदर होते. आर्नो नदी गाळ आणीत गेली, किनारा पुढे सरकत गेला, आणि आज पिसापासून समुद्र दहा किलोमीटरहून अधिक दूर आहे. बंदर गेले, मनोरा राहिला. लोक मनोरा पाहतात. पण तिथे एके काळी जहाजे लागत, हे किती जणांच्या ध्यानात येते?

आता आपल्याकडे वळू. आपटा, पेण, नागोठणे, रोहा ही गावेही जुनी बंदरेच. पण समुद्रावरची नव्हेत, खाडीच्या शेवटाची. ती तिथेच का वसली, हे समजले की सगळा प्रवास समजतो. म्हणून आधी थोडे भरती-ओहोटीविषयी बोलू.

समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण ते एक तास उशिरा येते. आपल्या कोळीबांधवांना हे घड्याळाशिवाय ठाऊक असते. त्यांचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की बारानंतर तितक्या तासांनी भरती. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर ती बाराच्या आसपास येते आणि पाणी जोरात चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात. शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून महिनाभर करून घ्यावा. पाऊणकीचा पाढा कशासाठी शिकायचा, असे मग कोणी विचारणार नाही.

तर ही भरती खाडीतून आत शिरते. तिच्यावर गलबत सोडले की वारा नसला तरी ते आपोआप आत येते. माल उतरवायचा, नवा माल भरायचा, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर बाहेर पडायचे. येताना भरती, जाताना ओहोटी. फुकटची वाहतूक म्हणा ना! पण भरतीला शेवट असतो. नदीत एक जागा अशी येते की तिच्या वर खारे पाणी चढत नाही. तिथे गलबताची वाट संपते आणि बैलाची वाट सुरू होते. तिथेच वखारी होतात, हमाल येतात, बाजार भरतो. प्यायला गोडे पाणी तिथून वर मिळते. पात्र अरुंद झालेले असते, म्हणून नदीला उतारही तिथेच सापडतो. मग गाव वसल्यावाचून कसे राहील?

पाताळगंगेवर आपटा, भोगावतीवर पेण, अंबा नदीवर नागोठणे. या तिन्ही नद्या पुढे धरमतरच्या खाडीला मिळतात आणि ती खाडी मुंबई बंदराच्या तोंडाशी उघडते. कुंडलिकेवर रोहा आहे; तिची खाडी रेवदंड्याला, जुन्या चौल बंदराजवळ समुद्राला मिळते. उत्तरेला पनवेलची स्वतःची खाडी आहे. नकाशा समोर धरा आणि ही पाच नावे रेघेने जोडा. जी रेघ निघते, तीच आजची पनवेल-रोहा रेल्वे!

हे आपसूक झाले असे समजू नका. रेल्वेला दक्षिणेकडे जायचे तर प्रत्येक नदी ओलांडणे भाग. समुद्राजवळ खाडी रुंद, खाली चिखल. तिथे पूल अवघड. फार आत जावे तर सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. मधली जागा तेवढी सोयीची. जी जागा जुन्या वाटसरूने नदी उतरायला निवडली, तिच्या आसपासच इंजिनियरांनाही यावे लागले. माणसे बदलली, जमीन तीच राहिली.

आता गाडीत बसू.

दिवा-रोहा मार्गावरची साधी गाडी आपट्याला थांबते. मोठ्या गाड्या इथे न थांबता पुढे कोकणात जातात. साध्या गाड्या दिवसात मोजक्याच, म्हणून आदल्या दिवशी वेळा पाहून ठेवाव्यात आणि परतीची गाडी आधी ठरवावी. चारही गावी उतरण्याचा हव्यास नको. सकाळी पेण, दुपारी रोहा, आणि नागोठणे जाताना खिडकीतून. एवढे बेताचे ठेवले की जिवाची ओढाताण होत नाही. बरोबर भाकरी आणि पाण्याची बाटली असावी.

गाडीची वाट पाहताना वायव्येला कर्नाळा दिसतो. अंगठा वर केल्यासारखा त्याचा सुळका कोणीही ओळखील. पनवेलच्या बंदरातून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवणारा हा किल्ला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत कर्नाळाही होता. एवढ्या लहान किल्ल्यासाठी दिल्लीचे बादशाही सैन्य का अडून बसले? कारण किल्ला लहान असला तरी खालची वाट मोठी होती. हे ध्यानात ठेवा. या प्रवासात प्रत्येक गावामागे एक किल्ला दिसेल. पेणजवळ सांकशी, रोह्याजवळ अवचितगड. बंदर तिथे जकात, आणि जकात तिथे पहारा.

गाडी सुटली की पाताळगंगेचा परिसर दिसतो. भर उन्हाळ्यातही या नदीला पाणी असते. ते कुठले? १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी नळांतून घाटाखाली सोडतात, त्यावर वीज होते, आणि ते पाणी पाताळगंगेला येऊन मिळते. म्हणजे एरवी घाटावरून पूर्वेकडे गेले असते असे पाणीही आपट्यावरून पश्चिम समुद्राला जाते. पुढे याच पाण्यावर रसायनीचे कारखाने उभे राहिले. आपट्याच्या आधीच्या स्थानकाला रसायनी हे नाव मिळाले ते रसायनांवरूनच.

जिते, हमरापूर ही स्थानके मागे पडतात. हमरापूर आणि जोहे या गावांत घरोघरी गणपतीच्या मूर्ती होतात. पेणचे गणपती म्हणून जे देशात आणि परदेशात जातात, त्यांतले कितीतरी या खेड्यांतून निघालेले असतात. पेणला उतरलात की एखाद्या कारखान्यात अवश्य डोकावा. कारागीर मूर्तीचे डोळे रेखू लागला की बोलणे थांबवावे. त्या वेळी तो कोणाशी बोलत नाही. ज्या बाईंना घरी रांगोळीचा हात आहे, त्यांना ते काम पाहून काय वाटेल, ते त्यांनाच विचारा.

पेणचे बंदर अंतोरे. भोगावतीच्या खाडीतून मचवे तिथवर येत. पेणच्या पश्चिमेला जो सखल पट्टा आहे, त्याला खारेपाट म्हणतात. समुद्राचे पाणी मातीच्या बांधाने अडवून ही जमीन पूर्वजांनी भातासाठी काढली. बांध शाबूत तर भात. उधाणाने बांध फोडला तर शेतात खारे पाणी आणि पुढली काही वर्षे नापिकी. भरतीच्या जोरावर जे गाव मोठे झाले, त्यालाच भरतीचे भयही आहे. या बांधांची दुखणी आजही संपलेली नाहीत.

पेणहून पुढे कासू आणि मग नागोठणे. हे गाव अंबा नदीवर आहे. इथे सोळाव्या शतकातला, निजामशाहीच्या काळचा दगडी पूल आहे. चारशे वर्षांपूर्वी कोणी इथे एवढा खर्च का केला असेल? कारण चौल बंदराकडून येणारी वाट इथे नदी ओलांडत होती. अंबा नदी घाटाखालून येते. तिच्याच वरच्या खोऱ्यात, उंबरखिंडीत, २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडून तिचा पाडाव केला. पुढे सुधागडाजवळून सवाष्णी घाटाची वाट देशावर चढते. मीठ, मासळी वर जायची. धान्य, गूळ, तूप खाली यायचे. नागोठण्याची नदी गाडीतून ओलांडताना एवढे आठवले तरी पुरे.

मग निडी आणि रोहा. रोह्याला दोन-तीन तास हाताशी असावेत. कुंडलिकेच्या एका काठी रोहा, दुसऱ्या काठी अष्टमी. नगरपालिकेचे नावही रोहा-अष्टमी असे जोडलेले. ही भाताची मोठी पेठ होती. दसऱ्याला इथे ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, आणि पोलीस शस्त्रे घेऊन देवाला मानवंदना देतात. हा मान फार जुना आहे आणि अजून पाळला जातो.

नदीच्या काठावर थोडा वेळ बसा. कुंडलिकेलाही उन्हाळ्यात पाणी असते, आणि तेही घाटावरचे. मुळशीला धरण होणार म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्याचे पुढारपण केले. सत्याग्रहाला यश आले नाही. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. त्या तलावाचे पाणी सह्याद्री फोडून भिऱ्याच्या वीजघरात आणले. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले, आणि तिथून निघणारे पाणी कुंडलिकेत येते. आज कोलाडला रबरी होड्यांतून तरुण मुले जो खेळ खेळतात, तो या पाण्यावर. त्यांना कोणी सांगत नाही की हे पाणी कोणाच्या शेतावर उभे राहून इथे आले आहे. शिक्षकांनी सांगावे.

आता रेल्वेचीच गोष्ट ऐका, म्हणजे या सगळ्याचा अर्थ लागेल.

१८३० साली बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. मुंबईहून पुण्याला जायचे तर होडीने पनवेल गाठायचे आणि तिथून गाडीरस्त्याने घाट चढायचा. पनवेलची भरभराट झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८६३ साली बोरघाटातून रूळ गेले. मुंबई-पुण्याची गाडी कल्याण-कर्जतवरून थेट जाऊ लागली, आणि पनवेलच्या धक्क्यावरचा माल कमी झाला. ज्या रेल्वेने हे केले, तीच रेल्वे शंभर वर्षांनी परत आली. १९६० नंतरच्या दशकात दिव्याहून पनवेलकडे रूळ आले, मग आपट्याला पोचले. काही वर्षे आपटा हेच शेवटचे टोक होते. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत गेली. रोह्याच्या पुढची कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिचा मार्ग पाहा : सावित्रीवरच्या महाडजवळ वीर, जगबुडीवर खेड, वाशिष्ठीवर चिपळूण. तिथेही तोच नियम, भरतीच्या टोकावरची गावे.

तात्पर्य काय? गाव वाटेमुळे मोठे होते आणि वाट सरकली की मागे पडते. खाडीची वाट गेली तेव्हा धक्के ओस पडले. मालाची मोटार आली तेव्हा मचवेवाल्यांचा धंदा बसला. त्यांतले कोणी शेतीला लागले, कोणी मुंबईला गिरणीत गेले. याची नोंद कोणी फारशी ठेवली नाही.

आणि आता पुन्हा वाट बदलते आहे. मुंबईहून समुद्रावरून येणारा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. आसपासच्या जमिनींचे भाव चढले, शेते विकली जाऊ लागली, टेकड्या खणल्या जाऊ लागल्या. कोणाला यात लाभ होईल, कोणाचा धक्का ओस पडेल. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पण मागच्या दोन वेळा काय झाले ते ठाऊक असले, तर तिसऱ्या वेळी माणूस विचार करून पाऊल टाकतो. जमिनीचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी नवराबायकोने एकत्र बसून बोलावे. दोघांनी मिळून ही वाट एकदा पाहिली असेल, तर ते बोलणे अधिक समजुतीचे होईल.

शिक्षकमित्रांना एक विनंती. तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील. त्यांनी लहानपणी धक्क्याला लागलेली गलबते पाहिली असतील, मिठाच्या गोणी मोजल्या असतील, पहिली आगगाडी पाहायला धावत गेली असतील. मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवा. चार प्रश्न पुरे : होडी कुठवर येत असे? काय माल उतरत असे? काय भरला जात असे? आणि ती यायची केव्हा थांबली? ही माणसे गेली की हे सांगणारे कोणी उरणार नाही. आजीला विचारायला विसरू नका. बाजारात माल विकायला बहुधा तीच बसलेली असते. भाव तिला तोंडपाठ असतात.

संध्याकाळची गाडी रोह्याहून निघाली की उजव्या हाताला सह्याद्री, डाव्या हाताला खाजणावर कलते ऊन. पेणचे पोह्याचे पापड पिशवीत असू द्यावेत. शेजारपाजारी देता येतात. आणि शेजारीण विचारील, "काय गं, कुठे गेला होतात?" तर "कुठे नाही, उगीच" असे म्हणू नका. तिला भरतीचा हिशेब सांगा, नागोठण्याचा पूल सांगा. पुढच्या महिन्यात तीही कारभाऱ्याला घेऊन निघेल.